पाय पुसून ये

१

आमचं घर रेघेवर होतं.

पूर्वेची एकशे साठ एकर माझी, पश्चिमेची एकशे साठ लोव्हिनाची, आणि दोघींच्या मधली सरकारी रेघ घराच्या बरोबर पोटातून जाणारी. कायदा असा, की पाच वर्षं स्वतःच्या जमिनीवर राहा, तिथेच झोपा, मग जमीन तुमची. दोन एकट्या बायकांनी दोन घरं बांधायची म्हणजे दुप्पट माती कापायची. त्यापेक्षा आम्ही गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून रेघेवर एकच घर उभं केलं. दारं दोन, खिडक्या दोन, मध्ये लोखंडी चूल आणि टेबल, आणि दोन टोकांना दोन पलंग. नेब्रास्कात आमच्या बाजूला बऱ्याच जणांनी ही युक्ती केली होती, त्यात विशेष काही नव्हतं.

लोव्हिना प्रुइट आणि मी, ऑर्फा टॅकेट, ओहायोमध्ये एकाच दुकानात टोप्या शिवायचो. लग्नाचं वय दोघींचंही सुखरूप उलटून गेलं होतं. "आता नवरा नाही तर नाही, जमीन तरी करून घेऊ," असं तीच एक दिवस म्हणाली आणि आम्ही निघालो.

घरातली रेघ दिसावी म्हणून पहिल्याच दिवशी तिने चुलीतली राख ओतून ती आखली, आणि तिथून थट्टा सुरू झाली. माझ्या बाजूला यायचं असलं की ती रेघेवर उभी राहून विचारायची, "येऊ का गं तुझ्या जमिनीत?" मी हातातलं काम न सोडता म्हणायची, "ये, पाय पुसून ये." कारण या बाईचे पाय कायम चिखलाचे. विहीर तिच्या बाजूला, विहिरीभोवती सदा राड, आणि ही तशीच घरात. शेवटी मी रेघेवर एक पोतं टाकून ठेवलं. त्यावर ती पाय नुसते टेकवायची, पुसायची कधीच नाही.

दिवसातून दहा वेळा तिने विचारायचं, दहा वेळा मी सांगायचं. पुढे पुढे आपण बोललो हेही मला कळायचं नाही.

२

पाचव्या वर्षीच्या जानेवारीत लोव्हिना वारली. वादळात सापडली, दोन दिवस तापात पडून राहिली आणि गेली. बाहेरची जमीन लोखंडासारखी गोठलेली, कुदळ मारली की ठिणगी उडे. मऊ माती फक्त घरात, चुलीच्या उबेत. मी तिचा पलंग बाजूला केला आणि त्याच्याखाली खणलं. हातभर काळी माती, मग पुढे पिवळी चिकणमाती. तीन हात खोल गेले. मग पलंग पुन्हा जागच्या जागी सरकवला.

कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये पाच वर्षं पुरी होणार होती. त्याआधी ती गेली हे कळलं असतं तर तिचा हक्क तिच्या भावाकडे, एसाकडे गेला असता. एसाला शेती नको होती. त्याला ती जमीन गुरंवाल्यांना विकायची होती, आणि गुरंवाले सर्वांत आधी विहिरीभोवती तार घालतात. माझ्या बाजूला मी तीन ठिकाणी खणून पाहिलं होतं, तिन्ही कोरडी. विहीर गेली असती तर माझी पाच वर्षं गेली असती. ऐकणाऱ्याला मी दगडाच्या काळजाची वाटेन. वाटू दे. मी स्वतःची समजूत अशी घातली, की कायद्याला ती तिच्या जमिनीवर राहायला हवी आहे ना? मग ती तिथेच तर आहे.

बाकीचं सोपं होतं. आमच्याकडे बाई ओळखतात ती टोपीवरून. ऊन आणि वारा असा, की टोपीची कड घोड्याच्या झापडांसारखी दोन्हीकडून पुढे आलेली, आत चेहरा कुणाचा हे हातभर अंतरावरूनही कळू नये. लोव्हिनाची टोपी निळी, माझी तपकिरी. आमचे सर्वांत जवळचे शेजारी हाल्व्होर आणि गुनहिल्ड ब्रेक्के, नवरा-बायको, अर्ध्या मैलावर. मी सकाळी निळी घालून विहिरीवर जायची, दुपारी तपकिरी घालून शेतात. सोमवारी सगळ्यांची धुणी पडत. दोरीवर दोन ॲप्रन दिसले की लोक समजत, दोघी बऱ्या आहेत.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं आणि माझ्या बाजूचं छप्पर थेट माझ्या पलंगावर बसलं. छप्पर मी आठवड्यात उभं केलं, पण गादीचं गवत भिजून कुजलं होतं. मी चार दिवसांसाठी म्हणून लोव्हिनाच्या पलंगावर झोपायला गेले. तिथे चूल जवळ होती. शिवाय कुणी डोकावलंच तर पलंग वापरातला दिसेल, हाही हिशोब होता. त्या चार दिवसांचे महिने झाले.

३

एप्रिलचा दुसरा सोमवार. अर्धं कापलेलं पिंप कढत पाण्याने भरलं, राखेच्या साबणाचा तुकडा खरवडून टाकला. आधी माझा ॲप्रन घासला. पाणी नेहमीसारखंच काळपट झालं, ते ओतून दुसरं घेतलं.

मग लोव्हिनाचा. तो खुंटीवरच असायचा. मी दर सोमवारी तो नुसता भिजवायची आणि दोरीवर टाकायची, दिखाव्यापुरता. जानेवारीपासून कुणाच्या अंगाला तो लागला नव्हता.

पाण्यात बुडवला आणि पाणी पिवळं झालं.

मी हात बाहेर काढले आणि पाहत राहिले. जरा जरा पिवळं नाही. पिंपाच्या तळाशी गाळ बसला. मी बोटांनी चोळून पाहिला, चिकट, बारीक, दाण्याशिवायचा. आमच्या शेतात वर काळी माती आहे. पिवळी कुठे लागते ते मला ठाऊक होतं, मीच खणली होती.

मग डोकं चालू लागलं. छप्पर पडलं तेव्हा धूळ उडाली असेल. पण छप्पर काळ्या मातीचं होतं. उंदरांनी बिळं करून खालची माती वर आणली असेल. बरं, पण मग ती ॲप्रनवर, आणि तीही गुडघ्यांच्या जागी, दोन गोल डागांत? कुणीतरी गुडघे टेकून उठावं तशी?

मी ॲप्रन तीन पाण्यांतून काढला आणि दोरीवर घातला. वारा छान होता, तासाभरात वाळला. त्या दिवशी मी त्याला इस्त्रीही केली, कारण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती.

४

मे महिन्यात गुनहिल्ड ब्रेक्के आली. धिप्पाड बाई, मनाने लोण्याची, पण तोंड एक क्षण मिटत नाही. तिला येताना पाहून मी लोव्हिनाच्या पलंगाचा पडदा ओढून घेतला.

"व्हिनी कुठाय?" तिने बसता बसता लोव्हिनाचं विचारलं.

"झोपलीय. डोकं दुखतंय तिचं."

"भर दुपारी? बरंय बाई, आमच्या घरी दुखायलासुद्धा सवड नाही." तिने कॉफीचा कप ओढला. "खरं सांग ऑर्फा, तुम्ही दोघी भांडलात का?"

"आम्ही कशाला भांडू?"

"मग काल ती एवढ्या हाका मारत होती, तू वळून बघितलं का नाहीस?"

कपातली कॉफी माझ्या मनगटावर सांडली. भाजलं, पण ते मला नंतर कळलं.

"काल?"

"काल नाही तर काय परवा? तू खाली कोरड्या ओढ्याकडे बटाटे खुरपत होतीस. ती विहिरीपाशी उभी, निळी टोपी घालून. आमच्या अंगणातून मला दोघी दिसत होतात. ती हात वर करून हाक मारतेय, आणि तू आपली मान खाली घालून. हाल्व्होरला मी म्हटलंसुद्धा, बघा, जमीन मिळायच्या आधीच मैत्री गेली."

काल मी तपकिरी टोपी घालून बटाटे खुरपत होते. निळी टोपी आत खुंटीवर होती. होती ना? मी आत येऊन पाहिलं नव्हतं, पाहायची काय गरज होती?

"वाऱ्यात ऐकू आलं नसेल," मी म्हणाले.

"तिला सांभाळ गं. फार वाळलीय. कपडे अंगावर नुसते लोंबतात." जाताना तिने फडक्यात बांधलेल्या दोन बटाट्याच्या पोळ्या टेबलावर, लोव्हिनाच्या बाजूला ठेवल्या. "या तिच्या हं. तू हात लावायचा नाहीस."

मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या नव्हत्या. उंदीर, मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. आमच्याकडे उंदीर आहेतच, मातीच्या घरात असणारच.

पण फडक्याची चौकोनी घडी घालून ठेवली होती. उंदीर घडी घालत नाहीत.

५

आता ते सांगून टाकते. इतके दिवस मी "वादळात सापडली" एवढंच म्हणत आले.

त्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसून एसाला पत्र लिहीत होती. उन्हाळ्यात ये, माझी जमीन तूच बघ, असं. मी ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि भडकले. "म्हणजे विहीर त्याच्या हातात? आणि मी काय थुंकी गिळून शेती करू?" ती म्हणाली, "तो माझा भाऊ आहे." मी म्हणाले, "आणि मी कोण आहे?" त्यावर तिने बादली उचलली आणि तिच्या दारातून पाण्याला गेली. दहा मिनिटांत वादळ उठलं. भर दिवसा खिडकी पांढरी झाली.

तिचं दार पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर. तिथे बर्फाचा ढीग लागला असणार, म्हणून ती चाचपडत घराला वळसा घालून माझ्या दाराशी आली. वाऱ्यासाठी मी आतून अडसर लावला होता. तिने दार वाजवलं. आणि त्याही वेळी, मला वाटतं भांडण मिटवावं म्हणून, तिने तेच विचारलं.

"ऑर्फा, येऊ का गं तुझ्या जमिनीत?"

मी पाव उलटत होते. रागात होते. मी म्हणाले, "तुझं दार तिकडे आहे."

ती पुन्हा बोलली नाही. मी दुसरा पाव उलटला. मग तिसरा. तिच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज येईना, तेव्हा मी अडसर काढून बाहेर धावले. ती तिच्या दारापासून चार पावलांवर सापडली. बादलीची कडी तिच्या हातातून सोडवता येत नव्हती.

दोन दिवस ती डोळे उघडे ठेवून पडली होती. मी शंभरदा म्हणाले, व्हिनी, चुकलं माझं. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

६

जमीन नावावर करून घ्यायला कचेरीत द्यायच्या लोव्हिनाच्या शेवटच्या साक्षीची तारीख जूनमधल्या एका सोमवारी होती, माझी त्याच्या दुसऱ्या दिवशी. ब्रेक्के नवरा-बायको आधीच कचेरीत जाऊन जबाब देऊन आले होते. दोघी कायम तिथेच असतात, आम्ही रोज बघतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. आता फक्त लोव्हिनाने स्वतः जाऊन सही करायची होती. तिची सही मी तीन आठवडे गिरवली होती. पाच वर्षांत पहिल्यांदाच सोमवारी धुणं न करता मी पहाटे खेचरं जुंपली, निळी टोपी घातली आणि अकरा मैल गेले.

कारकून तरुण होता, नाकावर चष्मा, बोटांना शाई. मी कागद पुढे केला. "लोव्हिना प्रुइट."

त्याने कागद पाहिला, मग टोपीच्या आत वाकून मला पाहिलं.

"बाई, लोव्हिना प्रुइट गुरुवारीच येऊन सही करून गेल्या. आम्ही ती तपासून घेतली." त्याने मोठं पुस्तक माझ्याकडे वळवलं. प्रुइटच्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली नेऊन परत वर वळवलेली. तीन आठवड्यांत मला एकदाही जमली नव्हती ती शेपटी. "तुम्ही मिस टॅकेट का? त्या म्हणाल्याच होत्या. सोमवारी ऑर्फा येईल, माझी टोपी घालून."

मी टेबलाची कड धरली. कुणीतरी माझी थट्टा करतंय, गुनहिल्ड असेल, एसाने पाठवलेली कुणी बाई असेल, अशी सगळी नावं डोक्यात धावून गेली आणि एकही थांबलं नाही.

"कशी दिसत होती ती?"

"टोपीत काय दिसणार? पण हे बघा." तो टेबलापुढच्या जमिनीच्या फळ्यांकडे बोट दाखवून वैतागला. "तीन दिवस घासतोय, निघत नाही. बाईंनी पाय पुसले नाहीत."

दारापासून टेबलापर्यंत पिवळे डाग होते.

"आता तुमच्या अर्जाचं," तो म्हणाला. "मिस प्रुइटही तुमच्या साक्षीदार होत्या. त्यांनी शपथेवर लिहून दिलंय, की ऑर्फा टॅकेट फेब्रुवारीपासून एकदाही स्वतःच्या जमिनीवर झोपलेली नाही. खरं आहे?"

त्याने पवित्र ग्रंथ माझ्यापुढे सरकवला. मेलेल्या बाईची खोटी सही करायला मी अकरा मैल आले होते, पण त्या ग्रंथावर माझा हात उठेना. चार दिवसांसाठी गेले होते मी. घर एकच, म्हणून रेघ ओलांडली हे मनातसुद्धा आलं नव्हतं. तिचं राहणं सांभाळता सांभाळता माझंच राहणं मी मोडलं होतं.

"मग कुठे झोपते, म्हणून मी त्यांना विचारलं," कारकून हसत होता. "तर म्हणतात कशा, रोज माझ्या छातीवर झोपते, आणि फार जड आहे हो ती. थट्टेखोर आहेत नाही मिस प्रुइट?"

मी किंचाळले असेन. कारण शेजारच्या टेबलावरचे लोक उठून उभे राहिले.

"अर्ज थांबवावा लागेल," तो घाईघाईने म्हणाला. "तोवर तुमची जमीन मोकळी धरतात, बाई. कुणीही येऊन बसू शकतं."

७

परत पोचले तेव्हा ऊन अजून होतं. अर्ध्या मैलावरूनच मला दोरी दिसली.

धुणं वाळत होतं. दोन ॲप्रन, शेजारी शेजारी.

गुनहिल्डने केलं असेल. मी गेलेली पाहून शेजारधर्म केला असेल. मी हे मोठ्याने म्हणत खेचरं सोडली. अर्धं पिंप दाराबाहेरच होतं. आत पिवळं पाणी, अजून कोमट. मी ब्रेक्केंच्या घराकडे पाहिलं. त्यांची गाडी अंगणात नव्हती. सोमवारी ते घरी नसतील असं गुनहिल्डने मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

पळून जावं तर कुठे जाणार? चहूकडे गवत, आणि जे काही माझं होतं ते याच चार भिंतींत होतं, तेही आता माझं नव्हतं. मी माझ्या दारातून आत गेले आणि अडसर लावला. निळी टोपी काढून टेबलावर, पलीकडच्या बाजूला ठेवली. लोव्हिनाच्या पलंगाचा पडदा ओढलेला होता. सकाळी मी तो उघडा ठेवून गेले होते, एवढं मला पक्कं आठवत होतं. तो बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही.

सुचेनासं झालं की माझे हात कामाला लागतात. मी चूल पेटवली. मक्याचं पीठ काढलं, मीठ घातलं, पाणी ओतलं, पडद्याकडे पाठ करून मळायला लागले. उद्या कचेरीत काय सांगायचं, याचा विचार करत होते. छप्पर पडलं होतं असं सांगेन. साक्षीला कुजलेली गादी नेईन. एका बाईचं छप्पर पडलं तर तिने कुठे झोपायचं? यात न्याय आहे की नाही? मी मनातल्या मनात त्या कारकुनाशी भांडत होते आणि भांडता भांडता थोडी सावरलेही होते. पीठ जरा सैल झालं होतं. मी अजून मूठभर घातलं.

"येऊ का गं तुझ्या जमिनीत?"

"ये," मी म्हणाले, "पाय पुसून ये."

शब्द तोंडातून गेले आणि मग मला ते ऐकू आले. जानेवारीत जे माझ्या ओठांवर आलं नव्हतं, ते आता काही विचार न करता, हात पिठात असताना, आपसूक निघून गेलं होतं.

मी वळले नाही. समोर माझं दार होतं आणि त्याला मीच लावलेला अडसर.

मागे, रेघेवरच्या पोत्यावर, पाय घासल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरा. घाई नव्हती. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती नीट पाय पुसत होती.